आजीच्या रंगाचा फोटो

अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर कुठल्याही फोटो स्टुडिओच्या काउंटरपाशी अर्धा तास उभं राहा. एक वाक्य हमखास ऐकू येईल : "मोबाइलमधी त चांगला दिसत होता ना भाऊ!" गिऱ्हाइकाच्या एका हातात मोबाइल असतो, दुसऱ्या हातात नुकताच निघालेला प्रिंट. स्टुडिओवाला मोबाइलकडे पाहतसुद्धा नाही. "तो मोबाइल होय, हा कागद होय," एवढंच म्हणतो आणि पुढच्या माणसाचे पासपोर्ट फोटो कापायला घेतो.

उत्तर उद्धट वाटतं, पण त्यात चूक काही नाही. मोबाइलचा स्क्रीन स्वतः उजेड फेकतो. कागदाकडे स्वतःचा उजेड नसतो. खोलीत जेवढा आहे त्यातला थोडा गिळून उरलेला तो परत पाठवतो. त्यामुळे कागदावरचा पांढरा रंग खोलीतल्या उजेडापेक्षा जास्त पांढरा कधीच होऊ शकत नाही. त्यात आपण मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असतो आणि डिस्प्ले 'व्हिव्हिड'वर असतो, कारण कंपनीने तो तसाच दिलेला असतो. प्रिंटसाठी मॉनिटर लावणारे लोक त्याचा उजेड ८० ते १२० निट्सवर ठेवतात. आपला फोन उन्हात याच्या कितीतरी पट पेटतो. 'प्रिंट काळा आला' ही तक्रार बहुतेक वेळा प्रिंटची नसतेच, स्क्रीनची असते.

मला या सगळ्यात पडायचं कारण नव्हतं. मी घरून, म्हणजे अमरावतीहून, पुण्याच्या एका कंपनीसाठी बॅकएंडचं काम करतो आणि माझ्या कामात रंग फक्त एरर आला की दिसतो. कारण झालं आजीचा फोटो.

आजी अकोल्याला, जुन्या शहरात, काकांकडे राहायची. ती काळी होती. सावळी, गव्हाळ, निमगोरी असले बायोडाटातले शब्द तिच्यासाठी कोणी वापरले नाहीत. सासरी आल्यापासून तिला 'काळी' म्हणूनच हाक मारत. चाळीसेक वर्षं कापूस वेचलेला, त्यामुळे मूळचा रंग आणखी पक्का झालेला. फोटोला ती उभीच राहत नसे. लग्नकार्यात कॅमेरावाला आला की तिला अचानक आत काहीतरी काम निघायचं. आमच्याकडे तिचे धड चेहरा दिसेल असे तीन फोटो आहेत. त्यातला एक मी काढलेला.

तो दसऱ्याचा दिवस होता. आधी मी मोबाइलवर काढला आणि तिला दाखवला. फोनने आपल्या मनाने तिचा चेहरा उजळून, सुरकुत्या पुसून ठेवला होता. आजीने स्क्रीन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं, "हे कोनाची बायको होय रे?" मग मी कॅमेरा आणला आणि रॉमध्ये फोटो काढला. रॉ म्हणजे सेन्सरने जे पाहिलं ते जवळपास जसंच्या तसं. त्यात कॅमेऱ्याचा शहाणपणा मिसळलेला नसतो. अंगणात, सकाळी नऊच्या सुमाराला, मागे झेंडूचं तोरण, अंगावर कत्थ्या रंगाचं लुगडं. तो दाखवल्यावर ती काही बोलली नाही, पण उठून आतही गेली नाही.

चार महिन्यांनी ती गेली. तेरवीच्या आधी काकांनी घाईत फॅमिली ग्रुपवरून तोच फोटो उचलला आणि अकोल्याच्या एका स्टुडिओत १२ बाय १८ची फ्रेम करायला टाकली. फ्रेम घरी आली, हार घातला गेला. आत्या मूर्तिजापूरहून आली, फोटोसमोर बसली, आणि बराच वेळ पाहून म्हणाली, "हे माय नोय."

फोटोतली बाई गोरी होती. गोरीसुद्धा नाही, गुलाबी. गालावर एकही रेघ नाही, ओठ लालसर, आणि मागचा झेंडू नुसता भगवा गोळा. कोणीतरी म्हणालं, "चांगली त दिसते." आत्या परत काही बोलली नाही. तेरा दिवस पाहुणे त्या फोटोच्या पाया पडत होते.

*

फाइलमध्ये रंग नसतो, हे आधी सांगायला हवं. फाइलमध्ये असतात आकडे : लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. हे आकडे म्हणजे स्वयंपाकातल्या कृतीसारखे. 'दोन वाट्या कणीक, एक वाटी गूळ.' पण वाटी कोणाची? माझ्या आईची वाटी आणि आत्याची वाटी यांत अर्ध्याचा फरक आहे. कृती तीच ठेवली तरी दोघींचा शिरा वेगळा होणार. मोबाइल, मॉनिटर, प्रिंटर ही अशी तीन घरं आहेत आणि प्रत्येकाची वाटी निराळी.

यावरचा तोडगा साधा आहे. प्रत्येक घराने आपल्या वाटीत किती मिलिलिटर मावतं ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. या चिठ्ठीला प्रोफाइल म्हणतात. ती कशी लिहायची याचा नियम ठरवायला १९९३ साली अ‍ॅपल, अ‍ॅडोबी, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यातून आयसीसी नावाची संस्था झाली. म्हणून 'आयसीसी प्रोफाइल'. (क्रिकेटशी संबंध नाही. मी स्टुडिओत हा शब्द उच्चारला की दर वेळी सांगावं लागतं.) चिठ्ठीच नसली तर फाइल एसआरजीबीमध्ये आहे असं गृहीत धरतात. एसआरजीबी हे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने सुचवलेलं माप, तेव्हाचे साधारण मॉनिटर जे दाखवू शकत त्यावर बेतलेलं. नवे आयफोन यापेक्षा मोठ्या वाटीत, डिस्प्ले पी३मध्ये, फोटो काढतात. वाटेत कुणी चिठ्ठी फाडली किंवा वाचलीच नाही, तर तो फोटो दुसरीकडे फिका दिसतो.

आणि मिलिलिटर म्हणजे काय? ते माणसाच्या डोळ्यावरून ठरलंय. १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने रंगाचं प्रमाण माप ठरवलं, ते राइट आणि गिल्ड या दोन इंग्रज संशोधकांच्या प्रयोगांवरून. दोघांच्या प्रयोगांत मिळून माणसं होती १७. आज जगातला प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक टीव्ही, प्रत्येक फोन शेवटी त्या १७ जोडी डोळ्यांना उत्तर देतो, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा विनोद वाटला होता. पण माप चालतं. १९७६ साली त्यावरून लॅब नावाची पद्धत आली : एल म्हणजे उजळपणा, शून्य काळा आणि शंभर पांढरा, ए म्हणजे हिरव्याकडून लालकडे, बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. कुठलाही रंग या तीन आकड्यांत सांगता येतो, मग तो कागदावर असो की कपड्यावर की माणसाच्या कातडीवर. दोन रंगांत किती अंतर आहे तेही मोजता येतं. त्याला डेल्टा ई म्हणतात. एकच्या आसपास फरक असला तर तो जेमतेम जाणवतो. पाचच्या पुढे कोणालाही दिसतो.

*

तेरवी झाल्यावर मी त्या स्टुडिओत गेलो. भांडायला नाही, काय काय केलं ते समजून घ्यायला. कॉम्प्युटरवर पंचविशीतली एक मुलगी बसली होती. तिने फाइल उघडून दाखवली. ग्रुपवरून आलेला फोटो, लांबीकडून १६०० पिक्सेल. १८ इंचांवर १६०० म्हणजे इंचाला ८९ पिक्सेल; त्यामुळे आधी तो ताणलेला. ताणला की दाणे दिसतात, म्हणून चेहरा 'स्मूथ' केलेला. आणि मग त्यांचा एक ठरलेला प्रीसेट असतो, तो लावलेला. प्रीसेटचं नाव होतं 'फेस'. त्यात उजेड वर, लाल थोडा वर, पिवळा खाली.

"हा सगळ्यांले लावता?" मी विचारलं.

"सगळ्यांलेच दादा. नाई लावला त वापस आनतात. काळा काऊन केला म्हनतात."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात तिचाच एक पासपोर्ट फोटो चिकटवलेला होता. ती स्वतः आजीच्या रंगाच्या जवळपासची. फोटोतली मुलगी नव्हती. मी तो विषय काढला नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची आहे असं नाही. १९५०च्या दशकापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना फोटो पुरवायची : एक गोरी बाई. प्रिंट काढणाऱ्याने तिच्या कातडीचा रंग नीट आला की मशीन नीट लागलं असं समजायचं. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून ते 'शर्ली कार्ड'. यंत्र तिच्यासाठी लावलेलं, म्हणजे काळ्या माणसाचा चेहरा त्याच यंत्रातून डोळे आणि दात सोडून सपाट काळा निघायचा. मॉन्ट्रियलच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी यावर काम केलंय. त्यात एक गोष्ट आहे, की फिल्मला तपकिरी छटा नीट पकडता येत नाहीत अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली तेव्हा कंपनीने ती मनावर घेतली. चेहऱ्यांसाठी नाही, कपाटांसाठी!

आपल्याकडे शर्ली कार्ड नसेल, पण तिच्या जागी भिंतीवरचं कॅलेंडर होतंच. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. ती छपाई दगडांवरची. एकेका रंगाला एकेक दगड, एकावर एक थर. त्वचेचा रंग म्हणजे कुठल्या दगडाची शाई किती दाबायची, हे कारागिराच्या नजरेवर. मळवलीच्या कारागिराला दोष द्यायचा माझा हेतू नाही. पण छापलेला चेहरा उजळ असतो ही आपली सवय मोबाइलच्या ब्युटी मोडपेक्षा खूप जुनी आहे. पंढरपूरचा एक विठोबा सोडला तर आमच्या देवघरात काळं कोणी नाही, आणि छापताना त्यालाही बरेचदा निळा करतात.

*

मी ठरवलं की आजीचा फोटो तिच्या रंगात छापायचा. बाबा म्हणाले, "कर, पन दुसरा खर्च कायले?" खर्च तसा फार झाला नाही. घरी सहा शाईंचा इंकजेट होता, ए४चा. रंग मोजायचं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, नागपूरला पॅकेजिंगमध्ये असलेल्या कॉलेजच्या मित्राकडून पंधरा दिवसांसाठी आणलं. आणि सॉफ्टवेअर फुकट मिळालं : आर्गिल, ग्रॅम गिल नावाच्या माणसाने लिहिलेलं. त्याला बटणं नाहीत, काळ्या खिडकीत कमांड टाइप करायच्या. माझ्यासारख्याला हे सासरऐवजी माहेरी आल्यासारखं.

काम असं असतं. टार्जेन ही कमांड रंगांच्या चौकटींची यादी बनवते, प्रिंटटार्ग ती यादी पानावर मांडते. हे पान छापायचं, आणि छापताना एक गोष्ट पक्की बघायची की प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं स्वतःचं रंग-सुधारणं पूर्ण बंद आहे. हे राहून गेलं की एकाच फोटोवर दोघं जण रंग लावतात, सॉफ्टवेअरही आणि ड्रायव्हरही, आणि माणसं ताप आल्यासारखी लालसर निघतात. घरी छापणाऱ्या निम्म्या लोकांचा वैताग इथूनच येतो असं माझं मत आहे. पान छापल्यावर ते लगेच मोजायचं नाही. शाई वाळताना रंग सरकतो. एक दिवस ठेवायचं. मग चार्टरीड घेऊन एकेक ओळ यंत्राने वाचायची, आणि कोलप्रॉफला ती वाचनं द्यायची. शेवटी हाती एक छोटी फाइल येते : या प्रिंटरची, या शाईची, या कागदाची चिठ्ठी. कागद बदलला की चिठ्ठी रद्द.

कागदावर मी बराच वेळ घालवला. मॅट कागद हाताला छान लागतो, पण त्यावर काळा पूर्ण काळा होत नाही, राखेसारखा राहतो. गोऱ्या चेहऱ्याला फरक पडत नाही. काळ्या चेहऱ्याचे सगळे बारकावे, गालाचं हाड, डोळ्याखालची घडी, कपाळावरचं गोंदण, हे त्या खालच्या अंधारातच असतात. कागदाने तळच वर उचलला तर हे सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणून लस्टर घेतला. काळाही खोल जातो आणि ग्लॉसीसारखा चकाकतही नाही. आणखी एक. बाजारातले बरेच 'सुपर व्हाइट' कागद नीळ घातलेल्या धोतरासारखे असतात. त्यांत असा पदार्थ असतो जो अतिनील किरणं घेऊन निळसर उजेड देतो. खिडकीपाशी ते पांढरेशुभ्र, आणि ज्या एलईडीत अतिनील जवळपास नसतं तिच्याखाली पिवळट. अशा कागदावरचा चेहरा खोलीगणिक बदलतो. मी तसला नसलेला शोधला.

झेंडूने वेगळा त्रास दिला. उन्हातला झेंडू इतका तीव्र असतो की ती छटा माझ्या प्रिंटरच्या शाईत नाहीच. जो रंग मावत नाही त्याचं काय करायचं याचे ठरलेले मार्ग आहेत आणि मला ते दर वेळी एसटीवरून आठवतात. एक मार्ग : 'सरका हो सरका' म्हणत सगळ्यांना थोडं थोडं दाबून बसवायचं. याला पर्सेप्च्युअल म्हणतात. सगळे मावतात, पण प्रत्येक जण आपल्या जागेवरून हलतो. दुसरा मार्ग : जे बसलेत ते जागेवर राहतील, जे मावत नाहीत त्यांनी दांडीला धरून उभं राहावं. हा रिलेटिव्ह कलरिमेट्रिक. मी दुसरा घेतला. झेंडू दांडीला लटकला तरी चालेल, आजी जागेवरून हलायला नको.

पण आजीची जागा कोणती? इथे मी अडलो. प्रिंटर फाइलप्रमाणे छापेल. फाइलमधला चेहरा खरा कशावरून? सकाळच्या उन्हात फोटो काढला तेव्हा मी राखाडी कार्ड धरलं नव्हतं. आपल्या माणसाचा फोटो काढताना कोणी धरत नाही. रॉमधला पांढरा रंग मी अंगणातल्या चुना मारलेल्या भिंतीवरून लावला होता, आणि चुना म्हणजे काही प्रमाण नव्हे.

मग आत्याची आठवण झाली. आत्याला सगळे आजीची झेरॉक्स म्हणतात. रंगाच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. दोघी शेजारी बसल्या की हात कोणाचा कुठला ते बांगड्यांवरून ओळखावं लागे. मी यंत्र घेऊन मूर्तिजापूरला गेलो. हायवे आता मस्त झालाय. अमरावती-अकोला मार्गावर २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड केला होता. आत्याने यंत्र पाहून विचारलं, "शुगर पायतं का हे?" रंग पाहतं म्हटल्यावर हसली. "माह्या रंगात काय पायाचं हाय रे!" पण हात पुढे केला. मनगटावर, कोपराखाली, मानेपाशी, असं दहा ठिकाणी मोजलं. सरासरी आली एल ३९, ए १३, बी १६.

फोटोग्राफर लोक रंग तपासायला २४ चौकटींचं एक कार्ड वापरतात, कलरचेकर. १९७६पासून आहे. त्यातली पहिली चौकट 'डार्क स्किन'. तिचा आकडा साधारण एल ३८, ए १४, बी १४. आत्याचा आकडा वहीत लिहिला आणि तिला सांगितलं, की जगभरचे कॅमेरे ज्या कार्डावर तपासतात त्यातला पहिला रंग जवळपास तुझा आहे. "पयला?" तिने दोनदा विचारलं.

तिथून मी अकोल्याला गेलो आणि काकांकडची फ्रेम उघडून स्टुडिओच्या प्रिंटवरचा गाल मोजला. एल ५८, ए १७, बी १२. आत्यापासून अंतर जवळपास २० डेल्टा ई. नुसती उजळ केली नव्हती. आपल्या कातडीत पिवळा लालपेक्षा थोडा जास्त असतो, तो उलटा केला होता. आत्याला तेरवीला दिसलं होतं ते हेच, फक्त तिने ते पाच अक्षरांत सांगितलं होतं.

*

घरचा प्रिंट निघाला, एक दिवस वाळला, मोजला : एल ४१, ए १३, बी १७. अंतर दोनच्या थोडं वर. मी खूश. बाबांना दिला. त्यांनी चष्मा लावला, ट्यूबलाइटखाली धरला, आणि म्हणाले, "जास्तच काळी दिसते रे."

मी त्यांना आकडे दाखवले नाहीत. आईच्या चेहऱ्याबद्दल मुलाशी डेल्टा ईवरून वाद घालण्याइतका मी इंजिनिअर नाही. शिवाय ते बोलत होते त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, ट्यूबलाइट. प्रिंट पाहण्यासाठी जो प्रमाण उजेड ठरवलाय तो डी५०, साधारण ५००० केल्विन, आणि भरपूर. आमच्या बैठकीतली ट्यूब त्याहून निळी आणि मंद, आणि स्वस्तातल्या एलईडीत लाल कमी असतो. काळ्या त्वचेचा ऊबदारपणा तिथेच मरतो, करडेपणा उरतो. मी त्यांना गच्चीच्या दारात, सकाळच्या उजेडात नेलं. तिथे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

दुसरी गोष्ट उजेडाने सुटणारी नव्हती. "लोक म्हनतीन, पोरानं मायचा काळा फोटो लावला," ते म्हणाले. आणि मग, बऱ्याच वेळाने : "तिले आयुष्यभर काळीच म्हनलं. आता भितीवरबी काळीच ठेवाची का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजवर मी प्रीसेटला आळस समजत होतो, फार तर न्यूनगंड. बाबांसाठी तो भरपाई होता. त्यांनी आजीला लोकांनी काय काय म्हटलेलं ऐकलं होतं, मी नाही. पण आत्यानेही ऐकलं होतं, आणि तिला गोऱ्या बाईपुढे बसून रडता येत नव्हतं. मी बाबांना एवढंच सांगितलं की आत्याने पाहिल्यावर ठरवू. ए४ प्रिंट तिच्याकडे पाठवला. तिचा फोन मला नाही, बाबांना आला. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, "मोठा किती खर्चात होते?"

मोठा घरी होत नाही. आमच्या घराजवळच्या स्टुडिओत मशीन आहे, तिथले काका मला लहानपणापासून ओळखतात. त्यांना विचारलं की तुमच्या मशीनची चिठ्ठी बनवू का. चार्ट पाहून म्हणाले, "हे काय, गोधडी छापाची का?" मशीनचं ऑटो करेक्शन बंद करायला मात्र ते मनापासून घाबरले. प्रत्येक फोटोचा उजेड-रंग मशीन स्वतः ठरवतं, आणि बारा वर्षांत त्यांनी ते कधी बंद केलं नव्हतं. मी म्हटलं, फक्त माझ्या दोन पानांसाठी. बंद केलं, पानं छापली, दुसऱ्या दिवशी मोजली. प्रोफाइल बनलं. आजी १२ बाय १८मध्ये, रॉवरून, पूर्ण पिक्सेलांसह छापली. काका मशीनपाशी उभे होते. प्रिंट बाहेर आला तेव्हा म्हणाले, "गोंदन दिसून रायलं." खरंच, कपाळावरचे तीन ठिपके वेगवेगळे दिसत होते.

जुनी फ्रेम काकूंनी काढू दिली नाही. पाया पडलेल्या फोटोचं काय करायचं यावर घरात अजून एकमत नाही. त्यामुळे सध्या अकोल्याला दोन आज्या आहेत. बैठकीत गुलाबी, आतल्या खोलीत खरी. तिच्यावर बाबांनी स्वतः जाऊन पिवळसर बल्ब लावलाय. तो डी५०च्या जवळपासही नाही, पण चुलीपाशी बसल्यावर आजी अशीच दिसायची, असं आत्या म्हणते.

स्टुडिओवाल्या काकांनी कॉम्प्युटरवर आता दोन फोल्डर केलेत : 'नेहमीचं' आणि 'आहे तसं'. दुसऱ्यात टाकलेला फोटो प्रीसेटविना आणि माझ्या प्रोफाइलने जातो. ते गिऱ्हाइकाला विचारतात, आणि बहुतेक जण पहिलंच सांगतात. मध्ये एक नवरी आली होती. तिने अल्बम 'नेहमीचं'मध्ये टाकायला सांगितला आणि जाता जाता आईसोबतचा एक फोटो मात्र 'आहे तसं'मध्ये. काकांना त्याचं नवल वाटलं, मला फोन करून सांगितलं. त्याच फोनवर कळलं की त्यांचा कागद बदललाय. म्हणजे चिठ्ठी रद्द. नागपूरच्या मित्राला यंत्र परत मागितलंय, येत्या रविवारी पुन्हा गोधडी छापायची आहे.